बादलीतलं पाणी उतरेना

माझ्या सासऱ्यांचा मला आजही राग येतो आणि तो येतच राहावा असं मला वाटतं. घाटंजीत लोक त्यांना रहमतचाचा म्हणतात, भला माणूस म्हणतात. भले आहेतच. जुना कापूस नवा म्हणून त्यांनी आयुष्यात कोणाच्या गादीत भरला नाही. पण भल्या माणसाने केलेलं वाईट पचायला फार जड जातं. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

आमचं घर पिंजाऱ्यांचं. पुढे गादी-रजईचं दुकान, मागे अंगण, अंगणापलीकडे दोन खोल्या. दुकान आता नावापुरतंच होतं. गावाने फोमच्या गाद्या घेतल्या आणि अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कापूस पिंजायची धनुकली खुंटीला टांगली गेली. तेव्हापासून अब्बा दुकानाच्या ओट्यावर बसून असायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. माझा नवरा तारिक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. पण विहिरीच आटल्यावर मोटार जळणार कशी? बोंडअळीने कापूस खाल्ला त्या सालानंतरचा तो उन्हाळा. फवारणी करता करता माणसं दवाखान्यात गेली होती, काही परत आलीच नव्हती. आठवडी बाजारात भावावरून भांडायलाही कोणाच्या अंगात जोर राहिला नव्हता.

रुबीना, माझी नणंद, आदल्या पावसाळ्यात महागावहून माहेरी आली ती एका पिशवीनिशी. नवऱ्याने असं मारलं होतं की डाव्या कानाचा पडदा फाटला. आम्ही सगळे तिच्या उजव्या अंगाला बसून बोलायला शिकलो. महागावहून निरोप यायचे, झालं गेलं विसरा, पाठवून द्या. तारिक वाईट भाऊ नाही. पण मिळकत नसलेल्या माणसाचं मन लहान होत जातं, हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलंय.

"बरसात लागेलोक पाहू," त्याने तिला सांगितलं. "आपल्या पायावर उभी राह्यली तं कोणाच्या बापाची हिंमत नाई तुले न्यायची. नाई जमलं तं जा लागन, रुबी. मले दोन घरं वढणं होत नाई."

तिने मान हलवली. महागावला परत जाणं म्हणजे काय, ते तिच्या कानाला माहीत होतं.

तालुक्यात बायकांसाठी कुंडीतल्या फुलझाडांचं प्रशिक्षण निघालं, त्यात तिने नाव घातलं. परत आली ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. वरून पाणी ओतायचंच नाही. खाली पाण्याची बादली, बादलीच्या तोंडावर कुंडी, आणि कुंडीच्या बुडाच्या भोकातून एक वात. वातीचं एक टोक पाण्यात, दुसरं वर मुळांपाशी. माती जेवढी सुकेल तेवढंच पाणी वात वर चढवते. वाहून जायला नको, उन्हात उडायला नको. एकदा बादली भरली की आठवडा निघतो.

ज्या गावात नळ पंधरवड्यातून एकदा आला तर आला, तिथे हे ऐकून कोणीही हसेल. रामीबाई शेजारीण हसलीच. "माणसाच्या नरड्याले पाणी नाई अन् हे पोरगी फुलाईले पाजून राह्यली," म्हणाली. रुबीनाने तिला एक कुंडी दाखवली, एक तांब्या पाणी दाखवलं आणि आठवडाभराने ये म्हणून सांगितलं. रामीबाई आली, कुंडीत बोट घालून पाहिलं आणि काही न बोलता गेली. रामीबाई काही न बोलता गेली म्हणजे मोठीच गोष्ट.

बादल्या तिने पेंटरकडून आणल्या, रंगाच्या रिकाम्या. फवारणीचे रिकामे डबे गावात फुकट पडलेले होते, त्यांना तिने हातही लावला नाही. मातीचंही तिचं वेगळंच. आपली काळी माती कुंडीत चालत नाही. सुकली की भेगा पडतात, वात सुटी पडते. म्हणून नारळाच्या भुशाच्या विटा भिजवायच्या, भुसा दोनदा धुवायचा, त्यात गांडूळखत आणि भाताचा जळका तूस मिसळायचा. अंगणात बसून ती हे मिश्रण असं कालवायची की पाहणाऱ्याला भूक लागावी. मूठ दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला तर सुटावा. असं झालं की तिच्या चेहऱ्यावर एक हसू यायचं. माहेरी आल्यापासून ते हसू मी त्याच कामात पाहिलं.

गिऱ्हाईकही चालून आलं. नंदकिशोर वकिलांच्या शुभदाताई एकदा रजई उसवून घ्यायला म्हणून आल्या आणि कुंड्यांपाशीच थांबल्या.

"आमच्या बोअरने मान टाकली हो," त्या म्हणाल्या. "टँकरचं पाणी झाडांना घालायला मन धजत नाही. आणि आमच्या लेकीचा, ऋचाचा हट्ट की तिच्या लग्नात दारापासून मांडवापर्यंत मोगराच हवा. तोडलेला नाही, झाडावरचा. मे महिन्यात देशील?"

"देतो, ताई," रुबीना म्हणाली.

"चांगला निघाला तर यवतमाळला माझ्या बहिणीचं मंगल कार्यालय आहे. तिला बारा महिने कुंड्या लागतात. मी बोलते."

शुभदाताई गेल्यावर रुबीना ओसरीवर येऊन बसली. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "झालं ना तुह्यं काम?" ती म्हणाली, "फुललं तं झालं, भाभी." तारिकनेही संध्याकाळी ऐकलं आणि पहिल्यांदा म्हणाला, महागाववाल्यांना काय कळवायचं ते मेनंतर कळवू.

आता वातीचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

प्रशिक्षणात सांगितलं होतं की वात नायलॉनच्या दोरीची घ्या. मार्च लागताच रुबीनाने या मोगऱ्यासाठी दोरीचं बंडल आणलं. ओट्यावरून अब्बांनी ते पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी स्वतःहून उठून अंगणात आले.

"हे काय व्हय?"

"वातीले आणलं, अब्बा."

"पिंजाऱ्याच्या घरात वात नायलॉनची?" त्यांनी दोरी बोटात धरून सोडून दिली. "हे पाणी पेते? कापूस पेते पाणी. कापसासारखं पाणी दुनियेत कोणी पेत नाई."

"पेते, अब्बा. पण त्याईनं सांगतलं, कापूस ओल्यात राहून सडते. दोन-अडीच महिने टिकते म्हणे."

"कोणाचा सडते? ज्यानं पिंजला नाई बराबर त्याचा सडते. मह्या हातची गादी मह्या बापाच्या वयाची होऊन राह्यली लोकाईच्या घरी."

गादी कोरडी असते, हे तिने म्हणायला हवं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण अब्बा तोवर दुकानात जाऊन खुंटीवरची धनुकली काढत होते. दुकानात न विकलेली शेवटची रजई पडून होती, ती त्यांनी उसवली. आतला कापूस उन्हात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून पिंजण्याचा आवाज आला, तेव्हा गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. नाकातोंडाला फडकं बांधून, भुवयांवर कापूस घेऊन अब्बा पिंजत होते. पेळू वळत होते, पेळूंना पीळ देऊन वाती करत होते. जेवायला हाक मारली तर म्हणाले, थांब. हा शब्द मी त्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला.

"असू दे, भाभी," रुबीना मला म्हणाली. "पाहून राह्यली ना कसे उठले ते? दोन महिने तं टिकन. मे पावेतो निभते. त्याच्यानंतर पाहू."

तिने दिवस मोजले होते, पण गांडूळखताची आणि उन्हाळ्याची ऊब मोजली नव्हती. नायलॉनची दोरी मला नंतर अंगणात बांधलेली दिसली. अब्बांनी तिच्यावर कपडे वाळत घातले होते.

मोगरा लागला. पालवी अशी आली की अंगणात पाय ठेवताना बरं वाटायचं. अब्बा रोज सकाळी ओळीने फिरायचे, एखाद्या कुंडीखाली हात घालून वात चाचपायचे. भिंतीपलीकडून कोणी विचारलं तर त्याला आत बोलावून दाखवायचे, पाणी कसं चढतं ते. खरं सांगू? मला तेव्हा ते फार आवडले होते.

एप्रिलच्या मध्यावर बादल्यांतलं पाणी उतरायचं कमी झालं. आधी आठवड्याला अर्धी बादली घालावी लागायची. मग थोडंसंच लागायला लागलं, मग तेवढंही नाही. बादली रिकामी झाली असती तर आमच्यापैकी कोणीतरी घाबरलं असतं. पण आमच्या गावात भरलेली बादली पाहून कोण घाबरतो? तारिक कौतुकाने म्हणाला, "पाह्य, किती कमी पाण्यात भागून राह्यलं!" आम्ही खूश झालो. पाणी वाचलं म्हणून खूश झालो, आणि उरलेलं पाणी मी भांडी घासायला वापरलं.

पानं पिवळी पडून गळू लागली तेव्हाही आम्ही घाबरलो नाही. मोगऱ्याला बहराआधी ताण देतात हे इकडे पोरासोरांना माहीत आहे. संत्र्याला देतात तसाच. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग झाड जिवाच्या आकांताने फुलतं. रुबीना म्हणाली, "आपोआप ताण बसून राह्यला, भाभी. आता कळ्या लागतीन." मीही मान डोलावली.

मे लागला. लग्न तोंडावर आलं. कळ्या लागल्या नाहीत. एका दुपारी जागा बदलायला म्हणून रुबीनाने एक कुंडी उचलली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं व?"

"हलकी हाय," ती म्हणाली.

मी दुसरी उचलली. तीही हलकी. कुंडी नव्हे, नुसतं मडकं उचलल्यासारखी. रुबीनाने खालून वात ओढली तर हातात वीतभर तुकडा आला, काळा, बुळबुळीत, कुजक्या पानाचा वास येणारा. वरचं टोक आतच राहिलं होतं. बुडाच्या भोकापाशी, जिथे ओलं आणि खत एकत्र येतं, तिथे वात सडून तुटली होती. तिने तिसरी ओढली, चौथी ओढली. सगळ्या त्याच ठिकाणी तुटलेल्या. खाली बादली काठोकाठ, आणि वर झाड तहानेने मेलेलं.

मी धावत तांब्या आणला, वरून पाणी ओतलं. नारळाचा भुसा एकदा का पूर्ण वाळला की पाणी घेत नाही. पाणी कडेकडेने घरंगळून खाली बादलीत पडलं. रुबीनाने एक फांदी वाकवली, ती काडकन मोडली. मग तिने ओढलेल्या वाती गोळा करून पदराखाली घेतल्या.

"अब्बाले सांगू नको," ती म्हणाली.

"वेडी झाली काय?"

"त्याईले नाई सहन होणार, भाभी. पुन्हा ओट्यावर बसतीन."

"अन् तू? तू महागावले जाशीन त्याचं काय?"

मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते. तिला ऐकू गेलं नाही की तिने ऐकलं नाही, कोण जाणे.

मी मूग गिळून बसणारी बाई नाही. माझं शिक्षण राळेगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, तेवढंच, पण तोंड माझं स्वतःचं आहे. संध्याकाळी तारिक आला, वाळलेला मोगरा त्याने पाहिला, शुभदाताईंचा माणूसही येऊन बघून गेला होता. सगळे ओसरीवर बसलो. तारिक ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कायनं मेली झाडं?" त्याने विचारलं. "कापसानं दगा देल्ला असन तं तसं सांग, रुबी. नायलॉन टाकून दिवाळीलोक आणखी पाहू. वकीलबाईच्या हातापाया पडतो मी. पण तुह्या हातानंच होत नसन तं मंग मी त्याईले काय सांगू?"

म्हणजे दार उघडं होतं. एका शब्दाने ते उघडंच राहिलं असतं. मी उठले, मागे जाऊन आणखी एका कुंडीखालून वात ओढली आणि आणून अब्बांच्या समोर ठेवली.

"हे पाह्य," मी तारिकला म्हटलं. "वात सडली. सगळ्या सडल्या. रुबीचा कसूर नाई. तिनं तं नायलॉनच आणलं होतं."

तारिकने बापाकडे पाहिलं. अब्बांनी वात उचलली. ज्या माणसाने डोळे मिटून कापूस ओळखावा, कुठल्या शेताचा, कितव्या वेच्याचा ते सांगावं, त्याने तो काळा तुकडा अंगठ्याखाली चोळला. बराच वेळ चोळला. मग खाली ठेवला.

"हे मही वात नोहे," ते म्हणाले.

"अब्बा!" मी म्हटलं.

"मह्या हातची नोहे. मह्या हातचा पीळ असा राहत नाई."

मी रुबीनाकडे पाहिलं. माझा जीव तिच्या ओठांवर टांगला होता. तिने एकदा अब्बांकडे बघितलं, त्यांच्या भुवयांत अजून अडकलेल्या कापसाच्या तंतूंकडे बघितलं असेल, किंवा नसेलही.

"व्हय," ती म्हणाली. "थे म्या बाजारातून आणलेली टाकलती. अब्बाच्या वाती बराबर होत्या, भाई. मीच पाह्यलं नाई. पाणी देयाचं राहून गेलं."

"खोटं बोलून राह्यली हे!" मी ओरडले. "चला, सगळ्या कुंड्या उपटून दाखवते."

"बस, कहकशां," तारिक मला म्हणाला. "बापाले खोटं पाडतं काय तू? अन् ते स्वतःच कबूल करून राह्यली." तो भिंतीला टेकला. त्याला माझं पटलं नव्हतं असं नाही. पण बाप आणि बहीण दोघं एक सांगतात आणि बायको दुसरं, यात पुरुष कोणाचं ऐकतो ते मला माहीत आहे. शिवाय दार बंद झालं की ते धरून उभं राहायचा त्रासही वाचतो.

अब्बा उठले आणि नमाजासाठी वजू करायला गेले.

महागावहून तिचा नवरा स्वतः आला नाही. धाकट्या दिराला पाठवलं. तो भला वाटला, सामान स्वतः उचललं त्याने. एसटी स्टँडवर रुबीनाने माझा हात धरला. मी आठवणीने तिच्या उजवीकडे उभी राहिले होते. ती म्हणाली, "अब्बाले वेळेवर जेवाले देजो. आता स्वतःहून मागतात ते." गाडी लागली, ती चढली. खिडकीजवळ जागा मिळाली नाही, मधे बसावं लागलं. त्यामुळे गाडी निघाली तेव्हा ती दिसली नाही.

मी घरी आले तेव्हा अंगणात धूर होता. अब्बांनी चूल पेटवली होती, कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांवर. एकेक कुंडी उचलून ते आडवी करत होते, बुडाच्या भोकात बोट घालत होते आणि वात उपटून चुलीत टाकत होते. ओला सडका कापूस पेटत नाही, नुसता धुमसतो. ते शोधत नव्हते, चाचपत नव्हते. त्यांचं बोट नेमकं तुटलेल्या जागी जात होतं, प्रत्येक वेळी, जणू रोजची वहिवाट.

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर बसले. धुराने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोण कशाने रडतंय ते विचारायची सोय नव्हती.

"अब्बा, तुमाले कवा कळलं?"

त्यांनी आणखी एक कुंडी आडवी केली.

"त्या दिवशी ओसरीवर कळलं? का त्याच्या आधी?"

"शब-ए-बारातच्या बी आधी," ते म्हणाले. "सकाळी एक वात चाचपली. पोकळ लागली. दुसरीही तशीच."

मी मनात हिशोब केला. शब-ए-बारातच्या आधी, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, अंगण हिरवं होतं. बादल्या नुकत्याच भरलेल्या राहू लागल्या होत्या आणि आम्ही आनंदात होतो. एक पानही गळलं नव्हतं.

"तवा तं झाडं जित्ती होती, अब्बा."

"होती."

"मंग बोलले काहून नाई?"

अब्बांनी हातातली वात चुलीत टाकली आणि ती धुमसताना पाहत राहिले. "बोललो असतो," ते म्हणाले, "तं तिनं सगळ्यात नायलॉन टाकलं असतं."

"अन् झाडं जगली असती."

मला वाटलं ते चिडतील, नाही म्हणतील, उठून जातील. ते तसेच उकिडवे बसून राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "जगली असती."